आनुवंशिक कोलेस्टेरॉल निघालं, आता काय करायचं?

लिपिड प्रोफाइलच्या, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या रक्ततपासणीच्या, कागदावर एलडीएलसमोर २१०, २४० किंवा त्याहून मोठा आकडा आहे. डॉक्टरांनी तो बघून जेवणाखाण्याबद्दल विचारायच्या आधी विचारलं, "घरात कुणाला लवकर हार्ट अटॅक आला होता का?" आणि मग सांगितलं की हे आनुवंशिक दिसतंय. हा लेख त्या दिवशी घरी परतलेल्या माणसासाठी आहे.

माझा आकडा २४६ होता. वय ३७, अंगाने बारीक, घरात मांसाहार नाही, रोज पहाटे टेकडीवर चालणं. वडील ४४व्या वर्षी गेले होते. जेवल्यावर छातीत जळजळतंय म्हणाले, लिंबू-सोडा घेऊन पडले, ते उठलेच नाहीत. त्यांचे थोरले भाऊ ४९व्या वर्षी तसेच गेले. आमच्याकडे याला "नशीब" म्हणत. त्या नशिबाला वैद्यकशास्त्रात नाव आहे (फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया), तपासणी आहे आणि औषधही आहे, हे मला कळायला सदतीस वर्षं लागली. तुम्हाला तेवढी लागू नयेत.

आधी हे नीट समजून घ्या

एलडीएल म्हणजे कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण. ते रक्तातून उचलून घ्यायचं काम यकृताच्या पेशींवरचे रिसेप्टर करतात. रिसेप्टर म्हणजे गल्लीत येणारी घंटागाडी समजा. या गाड्या तयार करणाऱ्या जनुकाची एक प्रत आपल्याला आईकडून मिळते, एक वडिलांकडून. त्यातली एक बिघडलेली असेल तर निम्म्याच गाड्या रस्त्यावर येतात. कचरा इतरांच्या घराइतकाच, पण उचलला जात नाही, म्हणून साठतो. हा साठा चाळिशीत सुरू होत नाही, जन्मापासून होत असतो. म्हणूनच दुसऱ्याला सत्तरीत येणारा अटॅक अशा घरांत चाळिशीत येतो. उपचार घेतलेच नाहीत तर अशा पुरुषांपैकी साधारण निम्म्यांना पन्नाशीपर्यंत हृदयविकार गाठतो, स्त्रियांपैकी साधारण ३० टक्क्यांना साठीपर्यंत. हे आकडे वाचून पोटात गोळा येतो. पण ते उपचार न घेतलेल्यांचे आहेत, एवढं पक्कं लक्षात ठेवा.

या रिसेप्टरचा शोध मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन या दोन अमेरिकी डॉक्टरांनी लावला, तोही असंच आनुवंशिक कोलेस्टेरॉल असलेल्या रुग्णांचा अभ्यास करताना. त्यांना १९८५चं नोबेल मिळालं. त्याच सुमाराला जपानच्या अकिरा एंडो यांनी बुरशीतून शोधलेल्या पदार्थापासून कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन औषधांची वाट निघाली. पहिलं स्टॅटिन १९८७ साली बाजारात आलं. माझे वडील त्याआधीच गेले होते. तुमच्यासाठी मात्र औषध कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये आहे.

आणि तुम्ही एकटे नाही. जगभरच्या पाहण्यांवरून साधारण २५० माणसांमागे एकाला हा दोष असतो. २०११च्या जनगणनेतली महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटींच्या वर होती. त्याच हिशेबाने आपल्या राज्यातच साडेचार लाखांच्या आसपास माणसं निघतील. बहुतेकांना ते माहीत नाही.

पहिला पंधरवडा: निदान पक्कं करा

मोठ्या माणसात उपचाराविना एलडीएल १९०च्या वर, किंवा मुलात १६०च्या वर आणि सोबत घरात लवकर आलेला हृदयविकार, असं असेल तर डॉक्टरांना आनुवंशिक दोषाची शंका येते. पण एका कागदावर विसंबू नका. तपासणी पुन्हा करा. थायरॉइड मंद असेल, लघवीतून प्रथिनं जात असतील, यकृतातून पित्त वाहायला अडथळा असेल, तरीही कोलेस्टेरॉल असंच चढतं. म्हणून टीएसएच (थायरॉइडची तपासणी), यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या, लघवीची तपासणी आणि साखर एकदा करून घ्या. चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी डॉक्टरांना दाखवा.

बऱ्याच लॅबमध्ये एलडीएल प्रत्यक्ष मोजत नाहीत. एकूण कोलेस्टेरॉलमधून पूर्ण एचडीएल (म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल) आणि ट्रायग्लिसराइड या रक्तातल्या दुसऱ्या चरबीचा पाचवा हिस्सा वजा करतात. ट्रायग्लिसराइड ४००च्या वर गेलं की हा हिशेब चुकतो. तसं असेल तर थेट मोजलेलं एलडीएल मागा.

आणखी एक तपासणी आवर्जून सांगेन, लायपोप्रोटीन-ए. हीसुद्धा आनुवंशिकच. ती आयुष्यात एकदा केली तरी बहुधा पुरते. ५०च्या वर आली, म्हणजे मिलिग्रॅममध्ये मोजलेली, तर धोका आणखी वाढतो आणि डॉक्टर उपचार जास्त कडक ठेवतात. नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये ती नसते, वेगळी लिहून घ्यावी लागते.

मग अंगाकडे बघा. टाचेच्या मागून पोटरीकडे जाणारी जाड दोरीसारखी शीर (रक्तवाहिनी नव्हे, पोटरीचा स्नायू टाचेला बांधणारी) चिमटीत धरून बघा. ती जाडजूड किंवा गाठाळ लागते का? हाताच्या बोटांच्या सांध्यांवर, वरच्या बाजूला, कडक गाठी आहेत का? पंचेचाळिशीच्या आत बुबुळाभोवती करडी-पांढरी कड आली आहे का? यातलं काही असेल तर डॉक्टरांना दाखवा. काही नसलं तरी आजार नाही असं होत नाही. माझ्या अंगावर एकही खूण नव्हती.

जनुकीय चाचणी झाली तर चांगलं, पण ती महाग असते आणि तिच्यावाचून उपचार अडत नाही. ती निगेटिव्ह आली तरी निदान खोटं ठरतंच असं नाही. आणि "कार्डिओग्राम नॉर्मल आहे" म्हणून निश्चिंत होऊ नका. शिरेत थर साठत असताना कार्डिओग्राम वर्षानुवर्षं नॉर्मल येऊ शकतो. हृदयाची पुढची कोणती तपासणी करायची ते हृदयरोगतज्ज्ञांना ठरवू द्या.

गोळी

इथे मी थोडा हट्टाने बोलणार आहे. आनुवंशिक कोलेस्टेरॉलमध्ये "तीन महिने पथ्य करून बघू, मग गोळीचं बघू" हा मार्ग मोठ्या माणसासाठी नाही. पथ्य हवंच, पण गोळीच्या सोबत.

ॲटोरव्हास्टॅटिन किंवा रोझुव्हास्टॅटिन ही सुरुवातीची औषधं. यकृत स्वतः कोलेस्टेरॉल बनवतं. ही गोळी ते बनवणं कमी करते. मग यकृताला कोलेस्टेरॉल कमी पडतं आणि ते शाबूत जनुकाकडून जास्त रिसेप्टर तयार करून घेतं. म्हणजे शिल्लक घंटागाड्यांच्या फेऱ्या वाढतात. पूर्ण ताकदीच्या डोसने एलडीएल साधारण निम्म्यावर येतं. पण २४६चे निम्मे १२३ झाले. तेवढ्याने आपलं भागत नाही.

साधारणपणे उद्दिष्ट असं असतं: एलडीएल निदान निम्म्याने खाली यायला हवं आणि ७०च्या आत राहायला हवं. आधीच हृदयविकार असेल किंवा सोबत मधुमेहासारखा दुसरा धोका असेल तर ५५च्या आत. तुमचा आकडा डॉक्टरांना स्पष्ट विचारा आणि फाइलच्या पहिल्या पानावर लिहा. लॅबच्या कागदावर छापलेली "नॉर्मल" मर्यादा आपल्यासाठी नाही.

स्टॅटिनचा डोस दुप्पट केला तर एलडीएल आणखी फक्त ६ टक्क्यांच्या आसपास उतरतं. म्हणून डॉक्टर बहुधा सोबत इझेटिमाइब देतात. ते आतड्यातून शोषलं जाणारं कोलेस्टेरॉल अडवतं आणि एलडीएल आणखी २० टक्क्यांच्या आसपास खाली आणतं. दोन गोळ्या दिल्या म्हणजे आजार बळावला असं समजू नका. त्यापुढे बेम्पेडोइक ॲसिड आहे आणि इंजेक्शनं आहेत. इव्होलोक्युमॅब दर दोन आठवड्यांनी घ्यायचं. इन्क्लिसिरान पहिला डोस, मग तीन महिन्यांनी, मग दर सहा महिन्यांनी. इंजेक्शनं फार प्रभावी आहेत आणि खिशाला फार जड आहेत. सुदैवाने बहुतेकांचं काम गोळ्यांवर भागतं आणि या गोळ्या जनऔषधी केंद्रात स्वस्तात मिळतात.

गोळी सुरू झाल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासणी. आकडा उद्दिष्टावर आला नसेल तर औषध वाढवायचं आणि पुन्हा तपासायचं. एकदा बसला की वर्षातून एक-दोनदा पुरे.

सगळ्यात मोठी चूक इथे होते. आकडा ६५ आला की माणूस म्हणतो, "नॉर्मल आला, आता कशाला गोळी?" तो ६५ गोळीचा आहे. गोळी थांबली की काही आठवड्यांत तो जुन्या जागी जाऊन बसतो. जनुक दुरुस्त झालेलं नसतं. "गोळीची सवय लागते" असं घरचे म्हणतील, शेजारी म्हणतील. चष्मा लागलेल्या माणसाला चष्म्याची सवय लागली असं आपण म्हणतो का? मी गोळी रात्री दात घासायच्या ब्रशशेजारी ठेवतो. ॲटोरव्हास्टॅटिन आणि रोझुव्हास्टॅटिन दिवसात कधीही चालतात, फक्त वेळ ठरलेली असावी. गावी जाताना पंधरा दिवसांच्या जास्तीच्या बरोबर ठेवा.

गोळीची भीती

पाय दुखतात, अंग दुखतं, विसरायला होतं, असं बरंच कानावर येईल. स्नायू दुखणं काही जणांना खरंच होतं. पण इंग्लंडमध्ये झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, दुष्परिणामांमुळे स्टॅटिन सोडून दिलेल्या ६० जणांना काही महिने स्टॅटिन, काही महिने तशीच दिसणारी रिकामी गोळी आणि काही महिने काहीच नाही, असं आलटून पालटून दिलं. स्टॅटिनवर जेवढा त्रास जाणवला, त्यातला ९० टक्के रिकाम्या गोळीवरही जाणवला. त्यांचं दुखणं खोटं नव्हतं, पण त्याचं कारण बहुतांशी औषध नव्हतं. त्रास होत असेल तर गपचूप गोळी बंद करू नका. डोस कमी करता येतो, दुसरं स्टॅटिन देता येतं, एक दिवसाआड घेता येतं. हे सगळं डॉक्टरांकडे आहे.

तातडीने फोन मात्र एका वेळी करायचा: स्नायू खूप दुखताहेत, अंगात बळ नाही आणि लघवी चहासारखी गडद होते आहे. हे क्वचित होतं, पण झालं तर थांबायचं नाही. शिवाय साखर किंचित वाढू शकते, म्हणून ती अधूनमधून तपासा. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर स्टॅटिन चालू आहे हे आधी सांगा. क्लॅरिथ्रोमायसिनसारखी काही अँटिबायोटिक्स त्याच्यासोबत त्रास देतात.

कुणीतरी गुग्गुळ सुचवेल, कुणी अर्जुनाची साल, कुणी उपाशीपोटी लसूण. सांगणारा प्रेमाने सांगतो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत गुग्गुळाच्या अर्काने एलडीएल उतरलं नाही, उलट थोडं चढलं. गोळीच्या जागी यातलं काहीही घेऊ नका.

ताट

पथ्याने आनुवंशिक कोलेस्टेरॉल फार तर १० ते १५ टक्के उतरतं. हे आधी सांगतो, कारण या निदानानंतर पहिला आरोप ताटावर होतो आणि पाठोपाठ स्वयंपाक करणाऱ्या बाईवर. दोघंही निर्दोष आहेत.

तरी ते १० टक्के सोडायचे नाहीत. वरणभातावर तुपाची धार असायची, ती चमच्यावर आणा, रोजची असेल तर सणावारी करा. सायीचं दूध सोडा, साय काढलेलं घ्या. कोकणातल्या आणि गोव्यातल्या मंडळींना हे जड जाईल, पण खोबरेल तेल एलडीएल वाढवतं. सोलकढी आणि नारळाच्या रसाचं कालवण रोजचं नको. बेकरीची खारी, नानकटाई, टोस्ट यांत वनस्पती तूप असतं. घरात शेंगदाण्याचं किंवा करडईचं तेल चांगलं, पण माणशी महिन्याला अर्ध्या लिटरच्या आसपास, आणि तळणीचं तेल पुन्हा पुन्हा नाही. मटण खाणाऱ्यांनी चरबी काढून, कधीतरी. बांगडा, सुरमई खा, मात्र तव्यावर तेलात पोहणारी तुकडी नको, कालवण करा. मटकी, मूग, हुलगे, ज्वारीची भाकरी, पालेभाजी हे आपलं जुनं ताट आहे आणि ते चांगलं आहे. उपवासाला तळलेले साबुदाणा वडे टाळा, वरी आणि शेंगदाण्याची आमटी चालेल.

तंबाखू मात्र पूर्ण बंद. बिडी-सिगारेट तर आहेच, चुना लावून मळलेली तंबाखूही. घरातल्या बायका मिश्री लावत असतील तर तीही तंबाखूच आहे. आधीच थर साठत असलेल्या शिरांवर तो दुसरा घाव होतो.

बायकांसाठी वेगळं

मूल हवं असेल तर ते ठरवतानाच डॉक्टरांना सांगा. साधारणपणे गर्भधारणेच्या एक-दोन महिने आधी स्टॅटिन थांबवतात. गोळी चालू असताना दिवस गेले तर घाबरू नका, गोळी थांबवून लगेच डॉक्टरांशी बोला. खरी गफलत पुढे होते. बाळंतपण, अंगावरचं दूध, मग दुसरं मूल, यात गोळी सुरू करायची राहते ती पाच-सहा वर्षं. बाळाच्या लसींच्या कार्डावरच "आईची गोळी परत सुरू" अशी तारीख डॉक्टरांना विचारून लिहून ठेवा.

"बायकांना अटॅक येत नाही" हा समज सोडा. माझी आत्या ५८व्या वर्षी गेली, दोन दिवस जबडा आणि पाठ दुखत होती. तिची तपासणी कधीच झाली नव्हती.

मुलं

तुम्हाला दोष असेल तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. थोरल्याला आला म्हणून धाकटा सुटला असं नसतं, प्रत्येकाचा निकाल वेगळा. साधारण पाच ते दहा वर्षांच्या दरम्यान मुलाची तपासणी करा. औषध बहुधा आठ ते दहा वर्षांपासून सुरू करतात, बालरोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली.

एवढ्या लहान लेकराला गोळी? माझाही हात थरथरला होता. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी लहानपणी स्टॅटिन सुरू केलेल्या २१४ मुलांचा २० वर्षं पाठपुरावा केला. चाळिशीच्या आत हृदयविकाराचा झटका किंवा तसा आजार त्यांच्यातल्या फक्त १ टक्क्याला झाला. त्यांच्याच आईवडिलांपैकी ज्यांच्यात हा दोष होता, त्यांच्यात हे प्रमाण २६ टक्के होतं. हा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. मी तो वाचला आणि मुलीच्या हातात गोळी दिली.

मुलाला घाबरवू नका. वाढदिवसाचा केक खाऊ द्या. आपल्या रक्तात एक गोष्ट जास्त साठते, त्यासाठी ही गोळी, एवढं सांगितलं की त्याला पुरतं.

आता एक नाजूक गोष्ट. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न लावायची रीत अनेक समाजांत आहे. नवराबायको एकाच रक्ताचे असतील आणि दोघांकडे हा दोष असेल, तर दर चार मुलांत एकाला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळण्याची शक्यता असते. अशा मुलाचं एलडीएल ४००च्या वर जातं, कोपरांवर, गुडघ्यांवर पिवळसर गाठी येतात आणि हृदयविकार शाळेच्या वयात गाठू शकतो. अशा घरात मुलाची तपासणी दोन वर्षांच्या आसपासच करा. स्थळ जुळवताना आजार लपवतात, कारण "मुलीच्या लग्नाला अडचण येईल". मला ते दुःख कळतं. पण या आजारात लपवण्याची किंमत लेकरू मोजतं.

विमा आणि छातीतली कळ

आरोग्य विमा घेताना निदान लिहाच. आधीपासूनच्या आजारासाठी जास्तीत जास्त ३६ महिने थांबावं लागतं, हा नियम २०२४पासून आहे. लपवलं तर नेमका गरजेच्या वेळी दावा नाकारला जातो.

छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, कारण नसताना घाम, धाप, यातलं काही झालं तर आपल्या घरात ते "गॅस" नाही. १०८ला फोन करा, स्वतः गाडी चालवू नका. ॲस्पिरिन चावून घ्यायची का, हे आजच डॉक्टरांना विचारून कपाटावर लिहून ठेवा.

सगळ्यात महत्त्वाचं काम: नातेवाईक

एका कोऱ्या कागदावर तीन पिढ्या काढा. प्रत्येकाच्या नावापुढे कुठल्या वयात काय झालं ते लिहा. "ठणठणीत होता, रात्रीत गेला" असं ज्यांच्याबद्दल सांगतात, त्यांच्या नावाभोवती गोल करा. वडिलांचा किंवा भावाचा त्रास ५५च्या आतला असेल, आईचा किंवा बहिणीचा ६५च्या आतला, तर तो लवकरचा धरतात.

आपल्या वंशावळीत पुरुषांचीच नावं असतात. आत्या सासरच्या घराण्यात गेलेल्या, मावश्या तर वेगळ्याच आडनावांच्या. जनुक आडनाव बघत नाही. म्हणून दोष वडिलांकडून आला असेल तर आत्या आणि आतेभावंडं, आईकडून आला असेल तर मावश्या, मामा आणि त्यांची मुलं, हे सगळे कागदावर आले पाहिजेत. गौरीला माहेरवाशिणी घरी येतात, भाऊबीजेला भावंडं जमतात. त्या वेळी हा कागद बाहेर काढा. आमच्या आजीला अशी तीन मरणं ठाऊक होती, जी कुणी आम्हाला सांगितली नव्हती.

आधी सख्खी भावंडं आणि मुलं, मग चुलत, आते, मावस, मामे. काही जण रागावतील. माझ्या चुलतभावाने वर्षभर फोन उचलला नाही, "आमच्यात आजार काढतोस" म्हणाला. मी सोडलं नाही. त्याचं एलडीएल २३१ निघालं, आता तो गोळी घेतो. फोनवर बोलायला जड जात असेल तर निरोप लिहून पाठवा. मी पाठवलेला असा होता, हवा तर उचला:

"दादा, माझ्या तपासणीत आनुवंशिक कोलेस्टेरॉल निघालंय. अण्णा आणि मोठे काका याच्यामुळेच लवकर गेले असावेत असं डॉक्टर म्हणतात. रक्ताच्या नात्यात प्रत्येकाला असू शकतं, बारीक माणसालाही. तू, वहिनी सोडून, आणि दोन्ही मुलं एकदा लिपिड प्रोफाइल करा. एलडीएलचा आकडा मला कळव. जास्त आला तर घाबरू नकोस, औषध आहे, मी घेतोय. पुढच्या रविवारी सकाळी मी तुमच्याकडे येतो, लॅबला बरोबर जाऊ."